परसातील पिल्लांचे संगोपन
खुडूक कोंबडीने २१ दिवस अंडी उबवून काढलेल्या पिल्लांस अंगावर पिसे फुटेपर्यंत स्वतःची उष्णता राखता येत नसल्यामुळे, आईच्या पंखांचा आश्रय नसेल तेव्हा दिव्याची तजवीज करून पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब द्यावी व पुढे दर आठवड्यास ती सुमारे ३ अंशांनी उतरवावी. पिल्ले दिव्याखाली दाटली तर त्यांना थंडी वाजते, दूर पांगून धापा टाकू लागली तर उष्णता अधिक झाली. माझ्या मते हे निरीक्षण तापमापकाहूनही मोलाचे आहे. पाणी उथळ भांड्यातच ठेवावे. मानमोडी ऊर्फ राणीखेत या रोगावर औषध नाही. सबब पहिल्या आठवड्यातच लासोटा लसीचा थेंब देण्यात हयगय करणे अक्षम्य होय.