घड्याळ, पापड आणि इंजिनीअरिंग

बारावीचा निकाल लागला आणि कॅप राऊंड सुरू झाले, की आमच्या गल्लीत मला हमखास विचारलं जातं, "काकू, कॉम्प्युटर नाही मिळालं तर काय घ्यावं?" आता मी पडले साधी बी.ए. इंजिनीअरिंगमधलं मला काय कळणार! पण महिला मंडळाचं काम करते, चार कार्यालयांत ये-जा असते, म्हणून विचारतात बिचारे. अलीकडे मात्र माझ्याकडे एक उत्तर तयार असतं. "इंडस्ट्रियल मिळतंय का बघा" असं मी म्हणते. त्यावर समोरच्या आईच्या कपाळावर आठी येतेच.

आमच्या शेजारच्या वहिनींच्या लेकीला ही शाखा मिळाली, तेव्हा त्यांच्या घरातही अस्संच झालं होतं. "म्हणजे कारखान्यात? तेलकट कपडे घालून?" हा वडिलांचा प्रश्न. आजी म्हणाल्या, "त्यापेक्षा आयटीआय बरं, दोन वर्षांत सुटका!" आज ती पोरगी शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीत घरी आली की माझ्या ओट्याशी येऊन बसते आणि काय काय शिकली ते सांगते. त्यातलं मला जेवढं उमगलं, तेवढं तुमच्यापुढे ठेवते.

पहिलं वर्ष सगळ्यांसारखंच. गणित, भौतिकशास्त्र, ड्रॉइंग, वर्कशॉप. गणित काही सुटत नाही बरं का, उलट पुढे संख्याशास्त्र डोक्यावर येऊन बसतं. खरी गंमत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून. मेकॅनिकलवाला यंत्र बनवतो. हिचा प्रश्न वेगळा असतो. ते यंत्र कुठे ठेवायचं, त्यापाशी माणूस किती वेळ उभा राहणार, माल कुठून येणार, कुठे अडकणार आणि या सगळ्यात वाया काय जातंय?

उदाहरणार्थ साठवण. वर्षाचे गहू एकदम भरावेत की महिन्याला आणावेत? दर खेपेला आणायचा खर्च एका पारड्यात. दुसऱ्या पारड्यात जागा, पोरकिडे आणि अडकलेला पैसा. दोन्हींचा मेळ कुठे बसतो याचं गणित फोर्ड हॅरिस नावाच्या गृहस्थांनी १९१३ साली मांडलं. कारखान्याच्या गोदामासाठी आजही ते शिकवतात. रांगांचंसुद्धा शास्त्र आहे! कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीसाठी अर्लांग यांनी १९०९ मध्ये त्याचा पाया घातला. दवाखान्यात केसपेपरच्या दोन खिडक्या असतील, तर दोन रांगा लावण्यापेक्षा एकच रांग लावावी आणि जी खिडकी मोकळी होईल तिथे पुढच्याने जावं. एखादीचा नंबर संथ कारकुनामागे अडकत नाही. हे ऐकल्यापासून रांगेत उभी राहिले की माझी चिडचिड जास्त होते, हा भाग वेगळा.

आणि एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्टिगलर नावाच्या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९४५ मध्ये एक कोडं मांडलं. माणसाला लागणारी पोषक द्रव्यं सगळ्यात स्वस्तात कशी मिळवायची? ७७ पदार्थ घेतले, नऊ पोषक घटक धरले आणि आकडेमोड करून १९३९ च्या भावाने वर्षाचा खर्च काढला ३९ डॉलर ९३ सेंट. पुढे १९४७ मध्ये डांत्झिग यांनी अशा कोड्यांची नेमकी रीत शोधली, तेव्हा नऊ कारकून हाताने चालणारी गणनयंत्रं घेऊन बसले आणि एकूण १२० माणशी-दिवस खपून उत्तर आलं ३९ डॉलर ६९ सेंट. फरक फक्त २४ सेंटचा! आहार काय, तर कणीक, कोबी, पालक, घेवडा असलंच काहीतरी. वर्षभर तेच घरच्यांच्या ताटात वाढून दाखवा म्हणावं. पण कारखान्यात कोणता माल किती काढायचा, ट्रक कुठून कुठे पाठवायचे, हे आज त्याच रीतीने ठरतं.

पण मला या शाखेबद्दल जिव्हाळा वाटला तो एका बाईमुळे. लिलियन गिलब्रेथ. १९०० साली कॅलिफोर्निया विद्यापीठातून साहित्यात पदवी घेतलेली, म्हणजे आपल्यासारखीच आर्ट्सवाली! पुढे मानसशास्त्रात डॉक्टरेट केली आणि बारा मुलं झाली. तिचा नवरा फ्रँक मूळचा गवंडी. वीट लावताना होणाऱ्या १८ हालचाली त्याने साडेचारावर आणल्या होत्या. दोघं मिळून कारखान्यांना सल्ला देत. १९१४ मध्ये तिचं पुस्तक निघालं तेव्हा लेखक बाई आहे हे कळू नये म्हणून नावाची नुसती आद्याक्षरं छापली. १९२४ मध्ये फ्रँक अचानक गेला आणि बाईकडून सल्ला घ्यायला कारखानदार कचरू लागले. घरात पोरांची पलटण. मग तिने काय करावं? 'बाईचं क्षेत्र' म्हणून जे तिला मोकळं होतं, त्या स्वयंपाकघरातच ती शिरली. ओट्याची उंची किती असावी, शेगडी आणि सिंक किती अंतरावर असावं, एक केक करताना बाई किती पावलं चालते, हे तिने मोजलं. पायाने झाकण उघडणारी कचऱ्याची पेटी आणि फ्रिजच्या दारातले कप्पे याचं श्रेयही तिला देतात. (तिला स्वतःला स्वयंपाक फारसा जमत नव्हता म्हणतात!) १९३५ मध्ये ती पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाली आणि १९६५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीत निवडली गेलेली पहिली स्त्री ठरली. थकवा म्हणजे आळस नव्हे, तो मोजून कमी करायचा असतो, हा तिचा आणि फ्रँकचा आग्रह.

गेल्या वर्षी वहिनींच्या लेकीला प्रोजेक्टसाठी जागा हवी होती. मी म्हटलं, आमच्या बचत गटाच्या पापड केंद्रावर ये. ती आली ती स्टॉपवॉच घेऊनच. ते बघून बायकांचे हातच थांबले. एकजण मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, हे घड्याळ कशाला? उद्या म्हणाल, इतक्या वेळात इतके पापड झालेच पाहिजेत, आणि किलोचा दर कमी कराल."

ही भीती काही अडाणीपणाची नाही हं. लेकीनेच सांगितलं, की १९११ मध्ये अमेरिकेतल्या वॉटरटाऊनच्या सरकारी शस्त्र कारखान्यात टेलरसाहेबांच्या स्टॉपवॉचवरून कामगारांनी संप केला होता. प्रकरण थेट त्यांच्या संसदेपर्यंत गेलं आणि पुढे कित्येक वर्षं सरकारी कारखान्यांत स्टॉपवॉच वापरायला बंदी होती.

पोरगी हुशार. तिने घड्याळ खिशात टाकलं आणि पुठ्ठ्यावर हॉलचा नकाशा काढला. लाट्या कुठे होतात, पोळपाट कुठे, गच्चीचा जिना कुठे, तिथे तिथे टाचण्या टोचल्या. बायका जशा उठतील तसा टाचण्यांभोवती दोरा गुंडाळत गेली. दुपारपर्यंत लाट्यांची जागा आणि जिना यांच्यामध्ये दोऱ्याचा नुसता गुंता झाला होता! दर थोड्या वेळाने प्रत्येकजण उठून लाट्या आणत होती आणि आपली परात घेऊन स्वतःच गच्ची चढत होती. मग लाट्या करणाऱ्या दोघी मावशींना हॉलच्या मधोमध बसवलं. पराती वर न्यायचं काम आळीपाळीने एकीकडे दिलं. एवढंच केलं, पण तेवढेच पापड तासभर आधी व्हायला लागले.

नंतर बायकांच्या संमतीने घड्याळही लागलं. लाटायला लागणाऱ्या वेळेत विश्रांतीची, थकव्याची सवलत मिळवावी लागते, असं त्यांच्या पुस्तकातच आहे. ते ऐकून आमची एक लेकुरवाळी म्हणाली, "लेकराला पाजायची सवलत धरलीस का गं त्यात?" पोरीने निमूटपणे वही काढली आणि तेही लिहून घेतलं.

ज्यांच्या घरी मुली बारावीला आहेत त्यांच्यासाठी थोडी व्यवहाराची गोष्ट. ही शाखा कुठे 'इंडस्ट्रियल अँड प्रॉडक्शन', कुठे नुसती 'प्रॉडक्शन', खरगपूरच्या आयआयटीत 'इंडस्ट्रियल अँड सिस्टिम्स' अशा नावांनी असते. तेव्हा नावावर न जाता विषयांची यादी बघा. नोकऱ्या मोटारींच्या कारखान्यांत आहेतच, शिवाय कपड्यांचे कारखाने, मोठे दवाखाने आणि कुरिअरची गोदामं इथेही आहेत. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवा म्हणजे झालं. वसतिगृहाचा खर्च मात्र वेगळा धरा.

आता आमच्या केंद्रावरच्या त्या वाचलेल्या तासाचं काय? खजिनदारबाई म्हणाल्या, "तासभरात आणखी पापड करू, गटाचं उत्पन्न वाढेल." बायका गप्प. मग एकजण म्हणाली, "पाच वाजता नळाला पाणी येतं." दुसरी म्हणाली, "पोरं शाळेतून येतात तेव्हा घराला कुलूप असतं." अर्धा दिवस चर्चा झाली, थोडी भांडणंही झाली. शेवटी असं ठरलं, की रोजचा कोटा तोच, किलोचा दरही तोच, काम संपलं की घरी जायचं. दिवाळीच्या ऑर्डरला ज्यांना जास्त करायचंय त्यांनी जास्त करावं आणि त्याचे पैसे घ्यावेत.

प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "उत्पादन किती वाढलं?" पोरगी म्हणाली, "पापड तेवढेच आहेत सर, बायका तासभर लवकर घरी जातात." सर म्हणाले, कमी वेळात तेवढंच काम हीसुद्धा उत्पादकताच, लिहा तसं. तिने तसं लिहिलं आणि अहवालाची एक प्रत आमच्या केंद्राला आणून दिली. ती आता पापड मसाल्याच्या डब्यांशेजारच्या फळीवर आहे. पुठ्ठ्यावरचा तो दोऱ्याचा गुंता मात्र लाट्यावाल्या मावशींनी भिंतीवर टांगून घेतलाय.