चालण्याची लागण



पूर्वी दारं धरायची म्हणजे रानभर फिरणं व्हायचं. आता ठिबक आलं, मोटार मोबाईलवर सुरू होते, फटफटी थेट बांधापर्यंत जाते. उसाचं बरं झालं, मालकाचं पोट सुटलं. अन् साखरेचा उतारा रक्तात वाढला!

डॉक्टरांनी दरडावलं की आपण पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर चालतो आणि चौथ्या दिवशी गुडघे धरून बसतो. युरियाचे सगळे हप्ते लागणीलाच कोणी टाकतं का? पहिला आठवडा दहाच मिनिटं चालावं, मग हळूहळू वाढवावं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगितली आहेत. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. वेगळी वेळ काढू म्हणाल तर ती निघत नाही. डेअरीला दूध घालायला जाता, ते पायी जावं.

नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात, असा हिशोब लंडनमधल्या २००९ च्या अभ्यासात निघाला. कुणाला १८, तर कुणाला २५४. मधला एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, असंही त्यात दिसलं. उगवण विरळ झाली म्हणून आपण प्लॉट मोडत नाही, नांग्या भरतो.

बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत वेग ठेवावा. मधुमेह असणाऱ्यांनी अनवाणी चालू नये. छातीत दुखलं तर जागीच थांबावं, अन् लगेच दवाखाना गाठावा.