मोटारीची तेलगाळणी कशी पारखावी?

खेड्यात मोटार ही आता केवळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. कुणी जुनी गाडी घेऊन बाजारच्या दिवशी वडाप करतो, कुणी पिक-अपमधून भाजीपाला शहराला पोचवतो, तर कुणा गुरुजींनी कर्ज काढून लहानशी गाडी घेतलेली असते. गाडी चार-पाच वर्षांची झाली की ती कंपनीच्या वर्कशॉपऐवजी गावच्या गॅरेजात जाऊ लागते. मग ऑईल बदलताना मिस्त्री विचारतो, "फिल्टर कोणता टाकू? कंपनीचा, बाहेरचा चांगला, की स्वस्तातला?" पुष्कळांचे उत्तर ठरलेले असते, "टाका हो कोणताही, फिल्टरच तो!"

आज या उत्तराचाच विचार करू. फिल्टरची किंमत शेकड्यांत असते. पण तो ज्याची राखण करतो त्या इंजिनाचे काम निघाले, तर खर्च हजारांत जातो. गाडीवरच पोट असेल, तर तितके दिवस रोजगारही बुडतो.

आधी फिल्टर करतो काय, ते पाहू. इंजिनात पिस्टन, क्रँक, बेअरिंगे यांचे धातू एकमेकांवर अति वेगाने फिरत असतात. ते प्रत्यक्ष एकमेकांना घासत नाहीत, कारण मध्ये तेलाचा पातळ पडदा असतो. काही ठिकाणी हा पडदा अवघा काही मायक्रॉन जाडीचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड धरला, तर हा पडदा किती नाजूक असेल याची कल्पना येईल. या पडद्यात मुरमाच्या रस्त्यावरची धूळ, धातूचा कीस किंवा जळलेल्या इंधनाची काजळी शिरली, की पॉलिश कागदाने घासावे तशी धातूची झीज होते. हा कचरा वेचून काढणे हे फिल्टरचे काम.

मोटारींच्या अगदी आरंभीच्या काळात अशी गाळणीच नव्हती. तेल वरचेवर बदलणे एवढाच उपाय होता. १९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्घ यांनी मोटारीसाठी तेलगाळणी तयार केली आणि तिला 'प्युरोलेटर' असे नाव दिले. त्या वेळी सगळेच तेल गाळले जात नसे. शेताच्या पाटातून थोडे पाणी बाजूला वळवावे, तसा तेलाचा थोडा भाग तेवढा गाळणीतून जाई. पुढे सर्व तेल गाळणीतून नेण्याची पद्धत आली. आज सर्रास दिसणारा, हाताने फिरवून बसवायचा डबा १९५४ साली विक्स या अमेरिकन कंपनीने बाजारात आणला.

हा डबा बाहेरून साधा दिसतो, पण त्याच्या पोटात तीन महत्त्वाच्या गोष्टी असतात.

पहिली गोष्ट म्हणजे गाळणारा कागद. लुगड्याच्या निऱ्या घालाव्यात तसा तो घड्या घालून गोल बसवलेला असतो. बुडाशी कडेला असलेल्या लहान छिद्रांतून घाण तेल आत शिरते, निऱ्यांतून गाळले जाते आणि मधल्या आट्यांच्या भोकातून इंजिनाकडे परत जाते. घड्या जितक्या पुरेशा आणि सारख्या अंतरावर, तितकी कचरा धरायला जागा अधिक. स्वस्त मालात काटकसर होते ती बहुधा इथेच.

दुसरी गोष्ट म्हणजे बायपास व्हॉल्व्ह. धरणाचा सांडवा आपण पाहिलेला आहे. पाणी फार चढले तर भिंत फुटू नये म्हणून ते सांडव्यावरून वाहून जाते. थंडीच्या दिवसांत पहाटे तेल दाट झाले, किंवा कागद कचऱ्याने तुंबला, तर हा व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल न गाळताच पुढे जाते. इंजिनाला कोरडे राहण्यापेक्षा थोडे घाण तेल परवडते.

तिसरी गोष्ट म्हणजे तेल मागे न फिरू देणारी रबराची पाकळी. विहिरीवरच्या पंपाला फूटव्हॉल्व्ह असतो. तो खराब झाला की पाणी उतरते आणि दर वेळी पंप भरावा लागतो. अगदी तसेच इथे आहे. ही पाकळी कडक पडली तर गाडी रात्रभर उभी असताना डब्यातले तेल चेंबरात उतरते. सकाळी गाडी चालू करताच तेल वर पोचेपर्यंत इंजिन काही क्षण खडखडते. ज्या गाडीत फिल्टर आडवा किंवा उलटा बसतो, तिला ही पाकळी चांगली असणे अगत्याचे आहे. सिलिकॉनची पाकळी साध्या रबरापेक्षा उष्णता अधिक सोसते आणि बरेच दिवस मऊ राहते.

आता निवडीकडे वळू. इथे एक गोष्ट मनात पक्की धरावी: फिल्टर बसला म्हणजे तो जमला, असे नव्हे. दोन डब्यांचे आटे सारखे असतात, रबरी कडेही सारखे असते, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा सहज फिरून बसतो. पण काही इंजिनांत बायपास व्हॉल्व्ह इंजिनातच असतो, तर काहींत तो फिल्टरमध्ये असावा लागतो. तो कोणत्या दाबाला उघडायचा, हेही इंजिनागणिक वेगळे असते. व्हॉल्व्ह नसलेला डबा चुकीच्या गाडीला लागला, तर कागद तुंबल्यावर एक तर तेल अडेल किंवा कागद फाटेल. व्हॉल्व्ह फार हलका असेल, तर तेल वारंवार न गाळताच जाईल. बाहेरून काहीच दिसणार नाही. म्हणून "याच्यासारखा दिसणारा द्या" असे न म्हणता गाडीचे मॉडेल, साल आणि इंजिनाचा प्रकार सांगावा, आणि फिल्टर कंपनीच्या यादीतून त्या गाडीचा नंबर जुळवून घ्यावा. गाडीसोबत आलेली पुस्तिका अशा वेळी उपयोगी पडते.

मग कंपनीचाच फिल्टर घ्यावा का? मोटार कंपन्या बहुधा फिल्टर स्वतः बनवत नाहीत. त्या फिल्टर बनवणाऱ्या कारखान्यांकडून घेतात आणि आपल्या नावाच्या खोक्यात विकतात. बॉश, मान, माहले, प्युरोलेटर, फ्लीटगार्ड यांसारख्या कंपन्या स्वतःच्या नावानेही फिल्टर विकतात. तेव्हा बाहेरचा माल म्हणजे हलका माल, हा समज बरोबर नाही. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने सुट्या भागांच्या बाजारासंबंधी निर्णय देताना १४ मोटार कंपन्यांना दंड केला होता. ते प्रकरण पुढे अपिलात गेले. पण सुटे भाग आणि दुरुस्ती यांची वाट फक्त अधिकृत दुकानातूनच असावी का, हा प्रश्न त्यामुळे चव्हाट्यावर आला. मात्र गाडी हमीच्या मुदतीत असेल, तर हमीपत्रातल्या अटी आधी वाचाव्यात आणि त्यांप्रमाणेच वागावे.

खोक्यावर पुष्कळदा 'अमुक मायक्रॉन' असा आकडा छापलेला असतो. नुसत्या आकड्याला अर्थ नाही. वीस मायक्रॉनचे शंभर कण आले तर त्यांतले पन्नास अडतात की नव्याण्णव, हे महत्त्वाचे. चांगल्या कंपन्या ही टक्केवारी देतात, आणि ती मोजण्यासाठी आयएसओ ४५४८ या प्रमाणात चाचणीची पद्धत ठरवून दिलेली आहे. बारीक गाळण्याचा लाभ खराच मोठा असतो. १९८८ साली जनरल मोटर्सतर्फे मांडलेल्या एका प्रयोगात, ४० मायक्रॉनच्या गाळणीच्या तुलनेत ३० मायक्रॉनच्या गाळणीने इंजिनाची झीज निम्म्याने कमी झाली, आणि १५ मायक्रॉनच्या गाळणीने सत्तर टक्क्यांनी. पण बारीक गाळताना तेलाचा प्रवाहही अडता कामा नये. हा मेळ घालणे हे कारखानदाराचे कसब. म्हणून ज्याची माहिती उघड छापलेली आहे, असा फिल्टर घ्यावा.

खरी भीती आहे ती डुप्लिकेट मालाची. खोके हुबेहूब, रंग तोच, आत मात्र हलका कागद. दुकानात उभ्याउभ्या एवढे पाहावे:

खोक्यावर उत्पादकाचे नाव व पत्ता, महिना व वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे सगळे स्पष्ट छापलेले असावे. डब्यावरचा नंबर आणि खोक्यावरचा नंबर एकच असावा. आटे स्वच्छ असावेत, रबरी कडे खोबणीत सारखे बसलेले असावे. मधल्या भोकातून उजेडात पाहावे. आतली नळी सरळ असावी, गंज किंवा कीस दिसू नये. कडेच्या छिद्रांतून रबराची पाकळी दिसावी. डबा जड आहे म्हणून तो चांगला, असे मानू नये. जाड पत्रा कचरा गाळत नाही. आणि छापील किमतीच्या निम्म्याने कुणी देऊ लागला, तर आनंदण्याऐवजी सावध व्हावे. पक्की पावती मागावी. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते, आणि तेव्हा पावतीच कामी येते.

उत्तम फिल्टरही नीट बसवला नाही तर वाया जातो. जुना डबा काढताना त्याचे रबरी कडे इंजिनाला चिकटून राहिलेले नाही ना, हे बोटाने चाचपून पाहावे. एकावर एक दोन कडी बसली तर रस्त्यात सगळे तेल गळून जाऊ शकते. नव्या कड्याला ताज्या तेलाचे बोट लावावे. कडे टेकल्यावर हाताने साधारण पाऊण फेरा आवळावे, किंवा डब्यावर लिहिले असेल तितके. पान्याने करकचून आवळू नये. गाडी चालू करताच तेलाचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच इंजिन बंद करावे. मग गळती आणि तेलाची पातळी पाहावी. काही गाड्यांत डबा नसून नुसती कागदी गाळणी घरात बसवतात. तिथे झाकणाचे रबरी कडे दर वेळी नवे घालावे.

"दोन ऑईलला एक फिल्टर" अशी एक जुनी रीत आहे. ती सोडावी. जुन्या डब्यात उरलेले काळे तेल नव्या तेलात मिसळते, आणि भरत आलेला कागद आणखी भरतो. ऑईल आणि फिल्टर एकाच वेळी बदलावेत, पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरला किंवा मुदतीला, जे आधी येईल तेव्हा. धुळीच्या रस्त्यावर किंवा सतत थोड्या थोड्या अंतरावर गाडी चालत असेल, तर त्याहून लवकर.

आणि एक ध्यानात असू द्या. इंजिनात धूळ शिरते ती मुख्यतः हवेबरोबर. हवेचा फिल्टर फाटका असेल, तर तेलाच्या फिल्टरने कितीही राखण केली तरी ती अपुरीच. तेलात मिसळलेले इंधन, पाणी आणि आम्ल यांनाही कागद अडवू शकत नाही. चांगला फिल्टर टाकला म्हणून ऑईल लांबवावे, असा हिशेब करू नये.

शिक्षक बंधु-भगिनींना एक सुचवावेसे वाटते. गॅरेजातून एक जुना फिल्टर आणा, रात्रभर निथळू द्या आणि मिस्त्रीकडूनच तो कापून घ्या. हातमोजे घालून कागद मुलांसमोर उलगडा आणि घड्या मोजायला लावा. समजा पन्नास घड्या आहेत, प्रत्येक दीड सेंटिमीटर खोल आणि कागदाची उंची सहा सेंटिमीटर. उलगडलेली लांबी दीडशे सेंटिमीटर झाली, क्षेत्रफळ नऊशे चौरस सेंटिमीटर. मुठीएवढ्या डब्यात शाळेच्या वहीची सुमारे तीन पाने मावली! क्षेत्रफळाचा धडा मुले विसरणार नाहीत. निथळलेले काळे तेल मात्र गटारात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नका. ते पाणी आणि माती दोन्ही नासवते. वापरलेले तेल गोळा करणाऱ्या गॅरेजातच ते द्या.

तेव्हा पुढच्या वेळी मिस्त्रीने विचारले, तर "टाका कोणताही" असे न म्हणता "माझ्या गाडीचा नंबर जुळणारा, पावती मिळणारा आणि वेळेवर बदललेला" असे सांगा. धान्य पाखडून घेणाऱ्या, दूध गाळून घेणाऱ्या आपल्या घरांना ही सवय काही नवी नाही. तीच आता मोटारीलाही लावायची आहे.