कण्याची निगा

सुगीत भल्या पहाटे पोते उचलताना कमरेत उसण भरते, हा अनेक शेतकऱ्यांचा अनुभव आहे. त्यामागे शरीररचनेचे कारण आहे.

मणक्यांच्या मधोमध २३ लवचिक गाद्या असतात. प्रौढपणी त्यांच्या गाभ्यात रक्तवाहिन्या नसतात. कडेने झिरपणाऱ्या रसावरच त्यांचे पोषण होते. दिवसाच्या भाराने त्यांतील पाणी घटते, रात्रीच्या विश्रांतीत पुन्हा भरते. त्यामुळे सकाळी त्या फुगलेल्या असतात व वाकताना त्यांवर अधिक ताण पडतो. म्हणून उठल्यावर तासभर हलकी कामे करावीत, जड ओझी नंतर उचलावीत.

युरियाचे ४५ किलोचे पोते दोघांनी, गुडघे वाकवून व अंगालगत धरून उचलावे. उचलताना कंबर पिळू नये. लावणी-खुरपणीत मधूनमधून उभे राहून पाठ सरळ करावी.

आहारात डाळ, उसळ, पालेभाजी व ताक असावे. नाचणीतील कॅल्शियम मणक्यांच्या हाडांस उपयोगी पडते. विडीने गाद्यांचे पोषण घटते; ती सोडावी.

उसण बहुधा काही आठवड्यांत बरी होते. परंतु पाय लुळा पडल्यास, जांघेत बधिरता आल्यास किंवा लघवी-शौचावरील ताबा गेल्यास चोळण्यात वेळ न दवडता तत्काळ रुग्णालय गाठावे. ग्रामकार्यकर्त्यांनी हे घरोघर सांगावे.