शैवाकांचा जांभळा रंग

मसाल्यातील दगडफूल मुलांच्या ओळखीचे असते. ते फूल नव्हे, बुरशी व शैवल यांच्या सहवासाने बनलेले शैवाक होय, हे मात्र सांगावे लागते. स्कॉटलंडमध्ये शैवाकांच्या काही जाती रंगासाठी खडकांवरून खरवडीत. कथबर्ट गॉर्डन याने १७५८ साली अशा एका रंगाचे पेटंट घेतले व आईच्या माहेरच्या नावावरून त्यास ‘कडबेअर’ म्हटले. शैवाक दिसावयास करडे. शिळ्या मूत्रातील अमोनिया व हवा यांच्या योगे कित्येक दिवसांनी त्यातून जांभळा रंग उतरे. (वर्गात हशा होईल, होऊ द्यावा.) लोकर त्यात सुरेख रंगे, पण उन्हाने विटे. लिटमसचा रंगही शैवाकांतलाच. बहुतेक शैवाके वर्षाकाठी काही मिलिमीटरच वाढतात. ग्लासगोच्या कारखान्यास पुढे ती परदेशांतून आणवावी लागली. म्हणून सहलीत शिक्षकांनी खडकावरील शैवाक खरवडू देऊ नये. वाण्याकडील तुकडा दाखवावा.