आजीची ओवी पेटीत का वाजत नाही?

कॅसेटच्या काळात एक गोष्ट मोठी सोयीची होती. मालेगावला घेतलेली कॅसेट नामपूरच्या घरी वाजे, सटाण्याच्या व्याह्यांकडे वाजे आणि लग्नातल्या लाऊडस्पीकरवाल्याकडेही वाजे. टेप कोणत्या कंपनीचा आहे, हे कोणी विचारत नसे. फीत अडकलीच तर पेन्सिल घालून गुंडाळायची, की काम झाले.

आज घराघरांत फोन आहेत, ट्रॅक्टरवर पेन ड्राइव्हचा प्लेअर आहे, देवघराशेजारी गाण्याची पेटी आहे. तरीही तक्रार ऐकू येते ती अशी : ‘फोनवर वाजते ते ट्रॅक्टरवर वाजत नाही. जुन्या फोनमधले नव्या फोनमध्ये उघडत नाही. कार्ड घातले तर पेटी नुसता दिवा दाखवते.’

सिनेमाचे गाणे वाजले नाही तर फारसे बिघडत नाही, ते दुसरीकडे मिळते. पण समजा, दहा-बारा वर्षांपूर्वी तुमच्या घरात कोणी बटनांच्या फोनवर आजीची जात्यावरची ओवी भरून ठेवली. आखाजीला झोक्यावर म्हटलेली अहिराणी गाणी, कानबाईच्या रात्रीची गाणी भरून ठेवली. आजी आता नाही. ते ध्वनिमुद्रण कोणत्याही दुकानात मिळायचे नाही. ते वाजत नाही म्हणजे ते गेलेच, असे समजून पुष्कळ घरांत जुना फोन फेरीवाल्याला देऊन प्लॅस्टिकचा टब घेतला जातो. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ या. बहुतेक वेळा आवाज गेलेला नसतो. त्याची भाषा तेवढी पेटीला कळत नसते.

कॅसेट सगळीकडे का चाले?

कॅसेट १९६३ साली हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने आणली. पुढे या कंपनीने इतर कारखानदारांना ती फुकट बनवू दिली. अट एकच, मापे बदलायची नाहीत. डबीची लांबी-रुंदी तीच, फितीची रुंदी तीच, फीत पळण्याचा वेग तोच. त्यामुळे कॅसेट कोणाचीही असो, टेप कोणाचाही असो, जोडी जमे. त्याआधीच्या तबकड्यांचे तसे नव्हते. कोणी मिनिटाला ७८ फेरे घेई, कोणी ४५, कोणी ३३. ग्रामोफोनचा वेग चुकला की गाणाऱ्याचा आवाज एक तर चिरका होई, नाही तर भसाडा.

फोनमधल्या आवाजाला फीत नसते. तिथे आवाजाचे आकडे होतात. आवाज म्हणजे हवेची थरथर. ती थरथर एका सेकंदात हजारो वेळा मोजून आकड्यांत लिहून ठेवायची. सीडी १९८२ साली बाजारात आली. तिच्यात ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते. त्याने आवाज उत्तम येतो, पण जागा फार लागते. एका मिनिटाला सुमारे १० एमबी. म्हणून आकडे दाबून लहान करण्याच्या रीती निघाल्या. कडबा मोकळा नेला तर एक गाडी भरते, गठ्ठे आवळून बांधले तर तेवढ्याच गाडीत दुप्पट मावतो, तसेच हे. गठ्ठा बांधण्याच्या या रीतीला ‘फॉरमॅट’ म्हणतात. रीती अनेक आहेत, आणि जो प्लेअर ज्या रीतीचा गठ्ठा सोडायला शिकला आहे, तेवढाच त्याला सोडता येतो. सारी अडचण इथे आहे.

चार मुख्य रीती

पहिली एमपी-थ्री. ही जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. फाइलच्या नावामागे लागणारे तिचे शेपूट १४ जुलै १९९५ रोजी ठरले. माणसाच्या कानाला जे ऐकूच येत नाही, किंवा मोठ्या आवाजाखाली दबून जाते, ते गाळून टाकायचे ही तिची युक्ती. त्यामुळे एका मिनिटाला १० एमबीऐवजी सुमारे १ एमबी पुरते. ब्रांडेनबुर्ग यांनी या रीतीची परीक्षा सुझान व्हेगा या अमेरिकन गायिकेच्या ‘टॉम्स डायनर’ या गाण्यावर घेतली. त्यात वाद्य नाही, एकट्या बाईचा आवाज आहे. वाद्यांच्या गर्दीत दोष लपतो, एकट्या आवाजात तो लगेच कानाला टोचतो. जात्यावर एकटी गाणारी आजीही तशीच. तिचा आवाज सांभाळताना जास्त जपावे लागते ते यामुळे.

दुसरी एएमआर. ही मुळात फोनवरच्या बोलण्यासाठी केलेली रीत, १९९९ सालची. यात मोजणी सेकंदाला फक्त ८,००० वेळा होते आणि एका मिनिटाला १०० केबीसुद्धा लागत नाहीत. जुन्या बटनांच्या फोनमध्ये जागा थोडी असे, म्हणून त्यांतले बरेच फोन याच रीतीने रेकॉर्डिंग करत. आवाज जरा कोंदट येतो, पण शब्द कळतात.

तिसरी एएसी. हिच्या फाइलीला बहुधा ‘एम-४-ए’ असे शेपूट असते. आजचे बरेच फोन रेकॉर्डिंग याच रीतीने करतात. चौथी ओपस. ही २०१२ साली प्रमाण ठरली. व्हॉट्सॲपवर बोट दाबून जो निरोप आपण बोलतो, तो या रीतीने साठवला जातो.

स्वस्तातला ट्रॅक्टरचा प्लेअर किंवा गाण्याची पेटी यांच्यातली चिप साधी असते. तिला एमपी-थ्री येते आणि फार तर आणखी एखादी. ती एएमआर आणि ओपस बहुधा सोडून पुढच्या गाण्यावर जाते. फोनचे तसे नाही. फोन म्हणजे लहानसा संगणकच, त्याला नवी भाषा शिकवता येते. व्हीएलसी नावाचे फुकट ॲप फोनवर घेतले, तर या चारही रीतींच्या फाइली त्यात वाजतात.

नाव बदलून भागत नाही

काही हुशार मुले फाइलीचे शेपूट खोडून तिथे एमपी-थ्री लिहितात आणि मग वाजत नाही म्हणून चिडतात. गोणीवर ‘गहू’ लिहिले म्हणून आतल्या बाजरीचा गहू होतो का? माल बदलायचा तर फाइल ‘कन्व्हर्ट’ करावी लागते, म्हणजे एक गठ्ठा सोडून दुसऱ्या रीतीने बांधावा लागतो. फोनवरही हे काम करणारी ॲप आहेत.

मात्र एक खूणगाठ बांधा. एका दाबलेल्या रीतीतून दुसरीत नेताना दर वेळी थोडे गळते. कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून पुन्हा कॅसेट भरली की आवाज उतरत जाई, तसेच हे. चाळणीतून गेलेला कोंडा पिठात परत येत नाही. म्हणून मूळ फाइल कधीही पुसू नका. ती आहे तशी ठेवा आणि वाजवण्यासाठी एमपी-थ्रीची वेगळी प्रत करा.

घाईच्या वेळी आणखी सोपी वाट आहे. फोन आणि पेटी ब्लूटूथने किंवा तारेने जोडा. मग गठ्ठा सोडण्याचे काम फोन करतो आणि पेटीने फक्त आवाज मोठा करायचा. पेटीला भाषा कळत नसली तरी फोन दुभाषा होतो.

दोष कार्डाचाही असतो

पुष्कळदा फाइल चांगली असते, पण कार्ड वाचले जात नाही. ३२ जीबीपर्यंतची कार्डे ‘फॅट-३२’ या मांडणीने येतात, ती जवळजवळ सगळ्या पेट्यांना कळते. ६४ जीबी आणि त्यावरची कार्डे ‘एक्सफॅट’ नावाच्या मांडणीने येतात, ती साध्या पेटीला बहुधा कळत नाही. तेव्हा ट्रॅक्टरसाठी मोठे कार्ड घेऊन पैसे घालवू नका. १६ किंवा ३२ जीबीचे पुरे. मिनिटाला १ एमबी धरली तर १६ जीबीत अडीचशे तासांहून अधिक गाणी मावतात.

दुकानदार म्हणाला, ‘कार्ड फॉरमॅट करून देतो,’ तर आधी थांबा. या ‘फॉरमॅट’चा अर्थ निराळा आहे. त्यात कार्डावरचे सगळे पुसले जाते. आत घरचा आवाज असेल तर तो आधी दुसरीकडे उतरवून घ्या.

गाणी उलटसुलट क्रमाने वाजत असतील, तर लक्षात ठेवा की पुष्कळ पेट्या ज्या क्रमाने फाइली कार्डावर भरल्या त्याच क्रमाने वाजवतात. नावांना ०१, ०२ असे आकडे द्या आणि त्याच क्रमाने भरा. पैसे भरून घेतलेल्या गाण्यांच्या ॲपमध्ये ‘डाऊनलोड’ केलेले गाणे पेन ड्राइव्हवर जात नाही, यात बिघाड काही नाही. त्याला कुलूप असते आणि ते त्या ॲपमध्येच वाजते.

घरातला आवाज कसा जपावा?

सर्वांत आधी घरातले जुने फोन शोधा. माळ्यावर, कपाटात, पेटीत. चार्जर मिळवून चालू करून पाहा. बॅटरी फुगलेली दिसली तर ती दाबू नका, चार्जिंगला लावू नका. जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे न्या. फोन चालू झाला की रेकॉर्डिंगच्या फाइली मेमरी कार्डावर किंवा ब्लूटूथने नव्या फोनवर घ्या. जुन्या फोनवर वाजल्या आणि नव्यावर वाजल्या नाहीत, तर घाबरू नका. तो रीतीचा प्रश्न आहे, त्याला उपाय आहे.

मग प्रत्येक फाइलीच्या तीन प्रती करा. एक फोनवर, एक संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. कार्ड आणि पेन ड्राइव्ह नुसते कपाटात पडूनही वर्षांनी दगा देऊ शकतात, म्हणून वर्षातून एकदा, आखाजीला म्हणा हवे तर, सगळे वाजवून पाहा. बियाणे आपण दरवर्षी उन्हात घालून पाहतोच की नाही?

फाइलीबरोबर चार ओळी लिहून ठेवा : कोण गाते आहे, माहेर कोणते, कोणत्या साली, कोणत्या प्रसंगी. नातवंडांना आवाज ऐकू येईल, पण तो पणजीचा की चुलत आजीचा, हे कोण सांगणार?

घरात आज कोणी जुने माणूस गात असेल तर उद्यावर टाकू नका. फॅन बंद करा, फोन हातभर अंतरावर स्थिर ठेवा आणि रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये चांगल्या दर्जाची निवड करा. व्हॉट्सॲपच्या निरोपात गाणे भरण्यापेक्षा फोनच्या रेकॉर्डरवर भरलेले बरे. तो निरोप फोन बदलताना नकळत मागे राहून जातो.

हे कशासाठी?

आपल्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरच्यांनी त्यांची गाणी वहीत उतरवली होती, म्हणून १९५२ साली ती आचार्य अत्र्यांच्या खटपटीने पुस्तकरूपाने महाराष्ट्रासमोर आली. वही नसती, तर ती गाणी शेताच्या बांधावरच विरून गेली असती.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९० नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या काही हजार ओव्या गाणाऱ्या बायांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केल्या. २०१७ पासून हा ठेवा ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संकेतस्थळावर सर्वांना फुकट ऐकता येतो. त्या बाया कुठल्या मोठ्या गायिका नव्हत्या. तुमच्या-आमच्या घरातल्यासारख्याच दळणकांडण करणाऱ्या होत्या.

एमपी-थ्रीच्या शोधाचे हक्क फ्राउनहोफर संस्थेकडे होते. त्यांचा परवान्याचा व्यवहार एप्रिल २०१७ मध्ये बंद झाला, तेव्हा ‘एमपी-थ्री मेली’ अशी हाकाटी झाली. खरे तर उलट झाले. हक्कांची मुदत संपल्यामुळे ती आता कॅसेटसारखी सर्वांना मोकळी झाली. पण पुढे आणखी नव्या रीती येतील, पेट्या बदलतील, फोन बदलतील. दर पिढीला कोणी तरी बसून जुना गठ्ठा सोडायचा आणि नव्या रीतीने बांधायचा, हे काम संपणारे नाही.

कांदा चाळीत भरून आपण निवांत बसत नाही, अधूनमधून उघडून पाहतो, सडका काढतो, वारा देतो. आवाजाची राखणही तशीच आहे. या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी माळ्यावरचा तो फोन खाली काढा. आणि तोवर टबवाला दारात आला, तर त्याला सांगा, ‘पुढल्या फेरीला ये बाबा.’