नव्या नदीत वसणाऱ्या माशांमधील जनुकीय विविधता

गोड्या पाण्यातील मासे एखाद्या नदीत प्रथमच स्थिरावतात, तेव्हा मूळ समूहातील जनुकीय विविधतेचा काही अंशच त्यांच्याबरोबर तेथे पोहोचतो. उरलेली विविधता किती हे प्रामुख्याने आलेल्या माशांच्या संख्येवर आणि त्यांच्या वाढीच्या वेगावर ठरते.

== संस्थापक परिणाम ==
थोड्या माशांपासून निर्माण झालेल्या समूहात जनुकांची दुर्मीळ रूपे प्रथम नाहीशी होतात. यास 'संस्थापक परिणाम' म्हणतात. एका माशात जनुकाची दोन भिन्न रूपे असण्याचे प्रमाण मात्र सावकाश घटते. समान प्रजनन करणाऱ्या माशांची संख्या 'न' मानल्यास एका पिढीतील घट १/(२न) इतकी असते. म्हणजे २ माशांत ती २५ टक्के, १० माशांत ५ टक्के, तर २०० माशांत अवघी पाव टक्का असते. समूह लवकर वाढल्यास पुढील ऱ्हास थांबतो. दीर्घकाळ लहान राहिल्यास तो पिढ्यान्‌पिढ्या साचत जातो.

== त्रिनिदादमधील गप्पी ==
डासांच्या अळ्या खाणारा म्हणून महाराष्ट्रात परिचित असलेला गप्पी हा मासा मूळचा त्रिनिदाद आणि लगतच्या दक्षिण अमेरिकेतील आहे. त्रिनिदादमधील कॅरोनी नदीप्रणाली पश्चिमेस, तर ओरोपुश पूर्वेस वाहते. दोन्हींतील गप्पी जनुकीयदृष्ट्या स्पष्टपणे भिन्न आहेत. १९५७ मध्ये कॅरिल हॅस्किन्स यांनी कॅरोनी प्रणालीतील सुमारे २०० गप्पी ओरोपुश प्रणालीतील तुरूरे नदीच्या वरच्या भागात सोडले. तेथे पूर्वी गप्पी नव्हते.

मादी गप्पी नराचे शुक्राणू शरीरात साठवू शकते. त्यामुळे एकच गाभण मादीही नवा समूह उभारू शकते. सोडलेल्या माशांची संतती धबधब्यांवरून खाली उतरली. १९९० च्या दशकारंभी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, खालच्या तुरूरेतील ओरोपुश वंशाच्या जनुकरूपांची जागा बहुतांशी कॅरोनी वंशाच्या रूपांनी घेतल्याचे आढळले. धबधबा वर चढू देत नाही, खाली उतरण्यास मात्र अडवत नाही. म्हणून जनुकांचा हा प्रवाह एकमार्गी ठरला.

== महत्त्व ==
नव्या समूहाची विविधता टिकली, तरी नदीची एकूण विविधता वाढतेच असे नाही. तुरूरेत जातीची संख्या घटली नाही, पण तेथील स्थानिक वंश जवळजवळ पुसला गेला. केवळ जातींची यादी पाहिल्यास ही हानी दिसत नाही. त्यामुळे एकाच जातीचे मासे एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात हलविण्यापूर्वी जनुकीय तपासणी आवश्यक ठरते.